रस्ता हवाच, पण पांढरी राखून

जून २०२२ मधील एक बातमी वऱ्हाडातील वाचकांच्या स्मरणात असेल. अमरावती-अकोला दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्गावर ३ ते ७ जून या काळात अहोरात्र काम करून ७५ किलोमीटर लांबीच्या एका पदराचे डांबरीकरण अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण करण्यात आले. सातशेहून अधिक अभियंते व कामगार विदर्भातील उन्हाळा अंगावर घेत पाळ्यापाळ्यांनी राबले. यापूर्वीचा विक्रम कतारमधील दोहा शहराच्या नावावर होता. तो मोडून वऱ्हाडाचे नाव गिनीज बुकात नोंदले गेले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ही वार्ता देशाला सांगितली, तेव्हा मूर्तिजापूर व बडनेऱ्याच्या चहाच्या टपऱ्यांवर जो आनंद प्रकटला, तो कोणत्याही शासकीय सोहळ्याहून अधिक उत्स्फूर्त होता.

तो आनंद सर्वथा योग्य होता. ज्यांनी या मार्गाची आधीची अवस्था पाहिली आहे, त्यांना त्याचे कारण सांगावे लागत नाही. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आजचा क्रमांक ५३, ही वऱ्हाडाची मुख्य रक्तवाहिनी आहे. हजिरा-सुरतेकडून येणारा हा मार्ग मलकापूर, खामगाव, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असा कापसाचा सारा पट्टा ओवीत नागपूरकडे जातो. त्याच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रखडले. एक कंत्राट अडकले, दुसरे सुरू झाले, खोदून ठेवलेल्या कडा पावसाळ्यात खचल्या आणि उन्हाळ्यात धुळीचे लोट उठले. रुग्णाला घेऊन नागपूर गाठू पाहणाऱ्या कुटुंबांनी आणि परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्यांनी काय सोसले, हे त्यांनाच ठाऊक. पुढे नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग अमरावती, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांतून गेला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा हा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या या प्रदेशाला उशिरा का होईना, रस्ते मिळू लागले आहेत. ते आणखी मिळावेत, अशीच आमची भूमिका आहे.

या भूमिकेवर ठाम राहूनच एक प्रश्न विचारणे आम्हास आवश्यक वाटते. ७५ किलोमीटर रस्ता पाच दिवसांत डांबरी करण्याचे सामर्थ्य आपल्या ठायी आहे. मग तो रस्ता ज्या भूमीवरून जायचा, त्या भूमीच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्यासाठी काही महिने देण्याचे भान आपल्याला का नसावे?

आपल्या ग्रामव्यवस्थेत जमिनीचे दोन भाग मानले जातात. एक काळी, दुसरी पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वसतीची जागा. शतकानुशतके माणसे एकाच ठिकाणी नांदली, त्यांनी मातीच्या भिंती उभारल्या, त्या पडल्या, पुन्हा उभारल्या. चुलीतील राख, शेणामातीचे थर, फुटकी मडकी यांची भर पडत गेली आणि त्या जागेची माती पांढुरकी, भुसभुशीत व उंच झाली. वऱ्हाडात गावोगावी दिसणाऱ्या गढ्या आणि ओसाड पडलेल्या वस्त्यांची रिठे ही याच प्रक्रियेची अपत्ये. पुरातत्त्वज्ञ नवे स्थळ शोधू लागतो, तेव्हा तो गावकऱ्यांना प्रथम हेच विचारतो की, ‘तुमची जुनी पांढर कोठे आहे?’ आपल्या पूर्वजांनी ग्रंथ किती लिहिले, याची चर्चा आपण करीत असतो. परंतु त्यांच्या नांदण्याचा अलिखित दप्तरखाना या पांढरीत आहे, हे मात्र आपण विसरतो.

हा दप्तरखाना किती प्राचीन आहे, याची काही उदाहरणे पाहू. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या तीरावर कौंडण्यपूर आहे. परंपरेने ही विदर्भाची प्राचीन राजधानी, भीमक राजाची नगरी, रुक्मिणीमातेचे माहेर. श्रीकृष्णाने रुक्मिणीचे हरण केले ते अंबेच्या दर्शनाच्या वेळी, अशी अमरावतीकरांची श्रद्धा असून त्यामुळे अंबादेवीचे मंदिर या कथेशी जोडले गेले आहे. ही श्रद्धेची बाजू झाली. परंतु १९६२ ते १९६४ या काळात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले, तेव्हा प्राचीन वस्तीचे थर एकाखाली एक प्रकट झाले आणि त्यांचा वृत्तांत १९६८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लोकस्मृतीने ज्या जागेला हजारो वर्षे नगरी म्हटले, तेथे जुनी नगरी खरोखरच नांदत होती, हे कुदळीने सांगितले. ती पांढर शाबूत राहिली होती, म्हणूनच हे घडू शकले.

चांदूर बाजार तालुक्यातील फुपगाव पाहा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०१८-१९ मध्ये तेथे उत्खनन केले. पूर्णेच्या काठावरील या लहानशा गावात लोहयुगातील वस्ती सापडली. गोल घरांच्या खुणा, खांबांचे खळगे, अकीकासारख्या दगडांचे मणी, मातीची भांडी असा सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा संसार तेथे उघडा झाला. दुर्दैवाने पूर्णेच्या प्रवाहाने त्या पांढरीचा मोठा भाग आधीच खाऊन टाकला होता. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना या शतकाच्या पहिल्या दशकात प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. ते स्थळ जिगाव धरणाच्या बुडित क्षेत्रात आले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. अजिंठ्याचे सोळावे लेणे करविणारा वराहदेव हा याच शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री. ज्या चित्रांसाठी सारे जग अजिंठ्यास येते, त्यांच्यामागे वऱ्हाडातील राजसत्तेचे बळ होते, हे आपल्या किती शाळांत सांगितले जाते?

जून २०२४ मधील घटना तर अगदी अलीकडची. जिजाऊंच्या सिंदखेडराजा येथे लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जतनकार्य चालू होते. खोदताना प्रथम एका मंदिराचा पाया लागला आणि त्याखाली शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती प्रकट झाली. भगवान शेषावर पहुडलेले आणि लक्ष्मी पाय चुरत असलेली अशी ती देखणी शिल्पकृती. शेकडो वर्षे त्या भूमीवरून माणसे ये-जा करीत होती. पायाखाली साक्षात विष्णू पहुडले आहेत, याची कोणालाही वार्ता नव्हती. मूर्ती वाचली, कारण तेथे खोदणारे हात जाणकारांचे होते. त्या जागी यंत्राचा पोलादी दात प्रथम पोचला असता तर काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

यावर कोणी म्हणेल की, कायदा आहेच की! कायदा आहे, तथापि त्याची मर्यादा समजून घेतली पाहिजे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आणि त्यातील २०१० ची सुधारणा यांनुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरवर नियंत्रण आहे. बार्शीटाकळीचे कालिका मंदिर घ्या. शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा शिलालेख तेथे आहे. अशा घोषित स्मारकाला हे कवच मिळते. परंतु ज्या टेकाडाची कोणत्याही यादीत नोंदच नाही, त्याला कोणते कवच? फुपगावची पांढर उत्खननापूर्वी सर्वसामान्यांच्या दृष्टीने केवळ नदीकाठची उंच जमीन होती. वऱ्हाडातील बहुसंख्य पांढरी, गढ्या आणि रिठे आजही याच स्थितीत आहेत. महसुली कागदावर ती गावठाणे, पडीत जमिनी किंवा खासगी शेते आहेत. इतिहास म्हणून त्यांचा उल्लेख कोठेही नाही. मोठा रस्ता आखला जातो, तेव्हा घोषित मंदिर सहसा वाचते आणि अघोषित नगरी जाते.

ही हानी नेमकी कशी होते? रस्त्याची रेषाच एखाद्या टेकाडावरून जाणे, हा एक प्रकार. परंतु दुसरा प्रकार अधिक व्यापक आहे आणि त्याकडे कोणाचेही लक्ष नसते. वऱ्हाडची काळी माती कापसाला अमृत असली तरी रस्त्याला वैरीण आहे. पावसात ती फुगते, उन्हात आकसून तडकते. तिच्यावर थेट रस्ता बांधला तर तो टिकत नाही. म्हणून ती काढावी लागते, बाहेरून मुरूम व चांगली माती आणून थरावर थर दाबावे लागतात. चौपदरी मार्गाच्या भरावाला लागणारी माती अफाट असते. ती जितकी जवळ मिळेल तितका वाहतुकीचा खर्च वाचतो. अशा वेळी गावाबाहेरचे न फुगणाऱ्या, हलक्या मातीचे ‘निरुपयोगी’ टेकाड नजरेत भरते. गढीची पांढरी माती धाब्यावर आणि भिंतींना वापरण्याची रीत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. परंतु ती टोपलीने नेली जात असे. टोपलीने शंभर वर्षांत जेवढे नेले नसेल, तेवढे यंत्र एका रात्रीत नेते. सकाळी टेकाड सपाट होते, शेतकऱ्याला सलग जमीन मिळाली म्हणून तोही नाराज नसतो, आणि दोन हजार वर्षांची मडकी, मणी, नाणी व हाडे रोलरखाली दबून महामार्गाचा भाग होतात. त्याचा पंचनामा होत नाही, कारण काही नष्ट झाले याची जाणीवच कोणाला नसते.

येथे वऱ्हाडनेच दाखवलेला एक चांगला मार्ग सांगितला पाहिजे. महामार्गाच्या भरावासाठी तलाव, नाले व नद्या खोल करून निघालेला गाळ-मुरूम वापरायचा, म्हणजे रस्त्यालाही माती मिळते आणि गावालाही पाणी, ही योजना ‘बुलढाणा पॅटर्न’ या नावाने देशभर नावाजली गेली. तिचे आम्ही मन:पूर्वक स्वागत केले आहे. या योजनेने एक गोष्ट सिद्ध केली आहे की, माती कोठून उचलायची, हे आधी ठरवता येते. ती केवळ कंत्राटदाराच्या सोयीवर सोडून देण्याची बाब नाही. जी दृष्टी पाण्यासाठी दाखवली गेली, तीच पांढरीसाठी दाखवणे अशक्य नाही.

जगात इतरत्र काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील स्टोनहेंज हे सुमारे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीचे पाषाणवर्तुळ १९८६ पासून जागतिक वारसा स्थळ आहे. त्याच्या शेजारून जाणारा अरुंद महामार्ग नेहमीच कोंडलेला असतो. तेथे सुमारे दोन मैलांचा बोगदा खणण्याची योजना आखण्यात आली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिला मंजुरी मिळाली, जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, जुलै २०२३ मध्ये पुन्हा मंजुरी दिली गेली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने खर्च परवडत नाही म्हणून योजनाच गुंडाळली. न्यायालयाने २०२१ मध्ये जे दोष दाखवले, त्यांतील एक महत्त्वाचा असा की, कमी हानीच्या पर्यायांचा विचार नीट झाला नव्हता. म्हणजे पर्याय वेळेवर तपासले नाहीत, तर रस्ताही होत नाही आणि कोंडीही सुटत नाही.

आयर्लंडचे उदाहरण तर आपल्या कौंडण्यपूरच्या अधिक जवळचे वाटावे. टारा ही टेकडी आयरिश परंपरेत प्राचीन राजांचे अधिष्ठान मानली जाते. तिच्या खोऱ्यातून द्रुतगती मार्गाची रेषा आखण्यात आली. लोकांनी विरोध केला. पण निर्णय झालेला होता. २००७ मध्ये काम चालू असतानाच लिसमुलिन येथे लोहयुगातील एक मोठे लाकडी वर्तुळाकार स्थान सापडले. त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला. तरीही रेषा बदलणे शक्य झाले नाही. त्या स्थानाची नोंद करून त्यावरूनच रस्ता नेण्यात आला आणि २०१० मध्ये तो खुला झाला. सापडले, स्मारक ठरले आणि गाडले गेले! उशिरा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असेच मिळते.

आपल्या देशात रेषा वळूच शकत नाही, असेही नाही. सांगली जिल्ह्यातील भोसे येथे सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वटवृक्ष महामार्गाच्या मार्गात येत होता. २०२० मध्ये निसर्गप्रेमींनी आवाज उठवला आणि आखणीत बदल करण्यात आला. अकोला-खंडवा लोहमार्गाच्या रुंदीकरणात मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालणारा पर्यायी मार्ग निवडला गेला. समृद्धी महामार्गावर वन्यजीवांना ओलांडता यावे म्हणून उन्नत व भुयारी मार्ग आराखड्यातच समाविष्ट करण्यात आले. एका झाडासाठी, वाघासाठी, काळविटासाठी अभियंत्यांनी आपली रेषा नम्र केली, याचा आम्हास अभिमान आहे. वन्यजीवांसाठी हे घडले, कारण त्यांच्या वतीने बोलणारे शास्त्रज्ञ, कायदे आणि जागरूक मंडळी होती. पांढरीच्या वतीने कोण बोलणार?

येथे आपल्या वाचकांशी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. २००५ मध्ये सेतुसमुद्रम् प्रकल्पाचा प्रारंभ झाला, तेव्हा रामसेतू तोडण्याच्या कल्पनेने आपण सारे व्यथित झालो. जहाजांना जवळचा मार्ग नको, असे आपले म्हणणे नव्हते. ‘दुसऱ्या मार्गाने न्या, सेतूला हात लावू नका,’ असे आपले म्हणणे होते. ऑगस्ट २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेतूला धक्का लावण्यास मनाई केली आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने सेतूला हानी न पोचवता पर्याय शोधण्याची भूमिका न्यायालयात मांडली. तो युक्तिवाद सत्य होता, तर तो केवळ सेतूपुरता सत्य असू शकत नाही. तो कौंडण्यपूरलाही लागू पडतो आणि नाव नसलेल्या रिठालाही. आणि तो विरोधकांचे सरकार असताना जितका लागू असतो, तितकाच आपल्या विचाराचे सरकार असतानाही. स्मारकांभोवतीच्या १०० मीटरच्या मनाई क्षेत्रात केंद्राच्या सार्वजनिक कामांना वाट करून देणारे दुरुस्ती विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले होते. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि त्याचा कायदा झाला नाही. त्या वेळी आपल्यातील किती जणांनी त्यावर चर्चा केली? वारशाचा अभिमान भाषणात मिरवायचा आणि विधेयक आले की मौन पाळायचे, ही विसंगती आपल्याला शोभत नाही.

या मागणीवर काही आक्षेप घेतले जातील आणि ते गैर नाहीत. पहिला आक्षेप विलंबाचा. वऱ्हाडाने आधीच फार वाट पाहिली आहे, आता आणखी एक अडथळा कशाला? आमचे उत्तर असे की, आखणीच्या काळात केलेल्या पाहणीने रस्ता थांबत नाही. सविस्तर प्रकल्प अहवाल, मोजणी, भूसंपादन यांत तसाही बराच काळ जातो. पाहणी त्याच काळात होऊ शकते. रस्ता थांबतो तो काम अर्ध्यावर असताना काही सापडले म्हणजे.

दुसरा आक्षेप असा की, गावोगावी पांढर आहे. मग रस्ता आकाशातून न्यायचा काय? नाही. प्रत्येक टेकाड अस्पर्श ठेवा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. काही स्थळे अशी असतील की, ज्यांना वळसाच घातला पाहिजे. काही अशी असतील की, आधी उत्खनन करून सारे नोंदवावे, वस्तू सुरक्षित कराव्यात आणि मग रस्त्यास जागा द्यावी. उरलेल्या ठिकाणी खोदकामावर जाणकाराची नजर असली म्हणजे पुरे. कोणते स्थळ कोणत्या वर्गात बसते, हे ठरवण्यासाठीच पाहणी हवी. नागार्जुनसागर धरणाच्या वेळी १९५० च्या दशकात आपल्याच देशाने हे करून दाखवले आहे. नागार्जुनकोंडा पाण्याखाली जाणार हे निश्चित झाल्यावर तेथे अनेक वर्षे उत्खनन झाले, महत्त्वाचे अवशेष उचलून उंचावर नेले गेले आणि मगच धरण भरले. हाती साधने फार थोडी असलेल्या त्या पिढीला जे सुचले, ते आज आपल्याला का सुचू नये?

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सर्वांत गंभीर. रेषा वळली की एकाची जमीन वाचते, दुसऱ्याची जाते. म्हणूनच हा निर्णय अगदी सुरुवातीस झाला पाहिजे. एकदा खुणेचे दगड रोवले गेले आणि मोबदल्याची गणिते मांडली गेली की, इतिहासाचे नाव काढणारा माणूस गावाचा शत्रू ठरतो.

तेव्हा करायचे काय? राष्ट्रीय असो वा राज्य, वऱ्हाडातील प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या प्रकल्प अहवालात पुरातत्त्वीय पाहणीचे प्रकरण अनिवार्य असावे आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच धरावा. एवढ्या मोठ्या रकमेत तो चिमूटभर ठरेल. राज्याचा पुरातत्त्व विभाग, नागपूर विद्यापीठाचा प्राचीन इतिहास व पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेज यांच्याकडे विदर्भातील अनुभव आहे. त्यांच्यावर हे काम सोपवता येईल. गौण खनिजाचा परवाना देताना ती जागा पांढर, गढी अथवा रिठ नाही, याची खातरजमा तहसील कार्यालयाने करावी. काम करताना काही सापडल्यास ते कळवणाऱ्या कंत्राटदाराला मुदतवाढ व भरपाई मिळावी. आज सापडलेले लपवण्यात त्याचा फायदा आहे, सांगण्यात तोटा. हे गणित उलटे केल्यावाचून प्रामाणिकपणाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. आणि सापडलेल्या वस्तू दूरच्या गोदामात पडून राहण्याऐवजी जिल्ह्यातच मांडल्या जाव्यात, म्हणजे गावकऱ्याला आपल्या पांढरीचे मोल कळेल.

सरकारकडे बोट दाखवून मात्र आपली सुटका नाही. राष्ट्रीय महामार्ग कायद्यान्वये भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर जमिनीत हितसंबंध असलेल्या व्यक्तीला हरकत घेण्यासाठी २१ दिवस मिळतात. या २१ दिवसांत बहुधा मोबदल्याची चर्चा होते. ‘या गटात आमची जुनी पांढर आहे,’ असे लिहून देणारा शेतकरी विरळाच. तो लिहील तरी कसा, जर गावात कोणी त्याला सांगितलेच नसेल! आपले कार्यकर्ते खेडोपाडी प्रवास करतात, शिक्षक वाचक तर जवळजवळ प्रत्येक गावात आहेत. त्यांनी एवढेच करावे की, गावातील वृद्धांना विचारून जुन्या पांढरी, गढ्या, बारवा, वीरगळ, ओसाड रिठे यांची गटक्रमांकासह यादी करावी, छायाचित्रे काढावीत आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत, दुसरी जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावी. यासाठी ना पदवी लागते, ना निधी. सुट्टीच्या दिवसांत शाळेची मुले हे काम आनंदाने करतील आणि पाठ्यपुस्तकात न मिळणारा इतिहास पायांनी शिकतील. एक दक्षता मात्र घ्यावी की, हौसेने कोणीही खोदू नये. थर विस्कटले की वस्तू हाती लागते आणि तिचा इतिहास जातो.

कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरकडे निघते. परंपरेनुसार १५९४ पासून ही वारी चालत आली आहे. मुलीच्या माहेरची ही पालखी सासरी जाते, तेव्हा तिच्यासोबत चालणाऱ्या वारकऱ्यांना चांगला, रुंद, सावलीचा रस्ता मिळालाच पाहिजे. कौंडण्यपूरला येणाऱ्या भाविकांसाठीही तो झाला पाहिजे. पण त्या रस्त्याच्या भरावात त्याच माहेरच्या अंगणाची माती असू नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे. वऱ्हाडाने १०५ तासांत आपल्या मनगटाचे बळ जगाला दाखवले. पुढच्या रस्त्याची रेषा नकाशावर पक्की होण्यापूर्वी पांढरीला विचारून ती आखली जावी. त्यासाठी पहिली यादी आपल्या गावातून जाऊ द्या.